एकास पन्नास

भाच्याचा चौथा वाढदिवस जवळ आला की मामा जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खातो. दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर ट्रक. त्याला कुणी ‘खेळण्यातला ट्रक’ म्हटलं तर तो घास थांबवतो. मॉडेल म्हणायचं. खेळण्याला नुसती चाकं असतात, मॉडेलच्या चाकाला नट असतात, आणि ते मूळ गाडीइतकेच आहेत का, हे मामा चष्मा कपाळावर सरकवून, फोटो मोठा करून मोजतो.

हा मामा बहुधा चाळिशी ओलांडलेला, स्वतः स्कूटरवर फिरणारा आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूला वाढलेला असतो. त्याच्या लहानपणी टेल्कोतून नुसत्या चेसिस रस्त्यावर येत. पुढे बॉनेट, मागे उघडा सांगाडा, ना केबिन ना हौदा. तोंडाला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर उन्हावाऱ्यात बसून ती चेसिस लांबच्या गावापर्यंत चालवत नेई. केबिन आणि हौदा तिकडचा बॉडीबिल्डर चढवणार. शाळेत जाताना पाहिलेला तो ड्रायव्हर मामाच्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

त्याचं खरं दुखणंही तिथलंच आहे. युरोपातला ट्रक कारखान्यातून केबिनसकट निघतो, म्हणून त्याचं हुबेहूब मॉडेल होऊ शकतं. आपल्या टेल्कोच्या १६१३ ट्रकचं हुबेहूब मॉडेल कशाचं करायचं? नामक्कलच्या बॉडीचं की पंजाबातल्या? मामाने एकदा साधा प्लास्टिकचा ट्रक आणून घरीच प्रयत्न केला होता. मागे काळी चवरी लावली, पुढे लिंबू-मिरची रंगवली, फाळक्यावर बारीक ब्रशने ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलं. मामींनी पेपरात वाचलेलं लक्षात ठेवून सांगितलं, की महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्येच हे लिहायला बंदी केली आहे. मामा ब्रश धूत म्हणाला, “मॉडेल २०१५ च्या आधीचं आहे.”

यंदा मात्र त्याने दुकान गाठलं.

“मुलगा केवढा आहे?” दुकानदाराने विचारलं.

“एकास पन्नास,” मामा म्हणाला.

दुकानदाराने मागे ओढून सोडायच्या पुलबॅक गाड्या काढल्या. मामाने त्या न बघताच बाजूला सारल्या आणि काउंटरवर कोपर टेकून स्केलचा पाठ घेतला. एकास सत्त्याऐंशी म्हणजे आगगाडीचा सेट मांडणाऱ्यांचं माप. एकास चौसष्ट छोट्या मोटारींचं. ट्रक, क्रेन, पोकलेन घ्यायचे तर एकास पन्नास. त्याहून मोठा हवा तर जपानच्या तामिया कंपनीचे एकास चौदाचे रिमोटवाले ट्रक येतात, पण सोळा मीटरचा ट्रेलर त्या मापात एक मीटर चौदा सेंटिमीटरचा होतो. हा हिशेब त्याने पूर्वी घरी मांडला होता. “मग तो दिवाणावर ठेवू आणि आपण दिवाणाखाली झोपू,” असं मामींनी सांगितल्यावर विषय मिटला होता. एकास पन्नासमध्ये तोच ट्रेलर बत्तीस सेंटिमीटर. तोही बाजूला ठेवून मामाने अखेर जर्मन टिपर घेतला: हौदा उचलला जातो, फाळका बिजागरीवर उघडतो, केबिन पुढे कलली की इंजिन दिसतं.

बिलाचा आकडा ताईला कळू नये म्हणून त्याने पिशवी बदलली. पण खोक्यावरचा मजकूर बदलता आला नाही. “अरे, इथे लिहिलंय वय चौदाच्या पुढे. आणि हे खेळणं नाही, असंही लिहिलंय,” ताई म्हणाली.

“ते कायद्यासाठी असतं गं.”

हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. चौदाच्या पुढचं मॉडेल त्यात मोडत नाही. कस्टमवाले मात्र स्केल मॉडेल आणि खेळणं एकाच खणात टाकतात, आणि त्या खणावरची ड्युटी २०२० मध्ये विसावरून साठ टक्के झाली, २०२३ मध्ये सत्तर. म्हणजे ज्याला खोकं खेळणं मानत नाही, त्यावर खेळण्याचा कर! मामा यावर अर्धा तास बोलू शकतो. बोललाही.

मग त्याने इतिहासाचा आधार घेतला. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची मुभा होती. ओडेलने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला आणि त्यातूनच १९५३ मध्ये मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. “बघ, म्हणजे बारीक काम मुलांसाठीच सुरू झालं.”

“त्याने मुलीच्या शाळेचं माप घेतलं होतं,” ताई म्हणाली. “तू कुणाचं घेतलंस?”

तोवर भाच्याने टिपर स्वयंपाकघरात नेऊन हौद्यात तीन बटाटे भरले होते. मामा धावला, आणि आरटीओ इन्स्पेक्टरच्या आवाजात त्याने गाडी अडवली. लांबी पन्नासपट कमी झाली, तरी वजन पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाखपट कमी व्हायला हवं. दहा टन माल नेणाऱ्या ट्रकला या मापात ऐंशी ग्रॅम परवानगी. एकच मध्यम बटाटा शंभराच्या पुढे जातो. भाच्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर एक कांदा ठेवला. फाळका उघडला, हौदा वर गेला, बटाटे घरंगळत फ्रिजखाली गेले, डावा आरसा तुटला. मामाने आरसा रुमालात बांधून खिशात ठेवला. भाचा मात्र खुशीत होता. गाडी खाली करता येते, एवढीच त्याची परीक्षा होती आणि टिपर त्यात पास झाला होता.

“मामा, आता घंटागाडी आण,” तो म्हणाला. रोज सकाळी दारात येणारी, ताई जिच्यामागे बादली घेऊन पळते ती. जर्मनीत मिळणारी नव्हे.

पुढच्या रविवारी मामाने निमूटपणे प्लास्टिकची घंटागाडी आणली. भाच्याने ती दुपारभर चालवली. संध्याकाळी निघताना मामाच्या लक्षात आलं, की हिच्यात ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे कप्पे वेगळे नाहीत, आणि रंगही महापालिकेच्या गाडीचा नाही. “दोन दिवसांत दुरुस्त करून देतो,” म्हणत तो ती घरी घेऊन गेला.

त्याला पंधरवडा होऊन गेला. भाचा रोज रात्री फोन करतो. मामा सांगतो, “अरे, सुका झालाय. ओला अजून सुकायचाय.”