कॅमेरेवाले आप्पा

केजमध्ये कॅमेरेवाल्या आप्पांना शोधायला पत्ता लागत नाही. धारूर रोडला, कळंब रोडला, बीड रोडला कुठल्याही गल्लीत शिरा. 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' ही कॅमेऱ्याच्या दहापट मोठी पाटी ज्या फाटकावर दिसेल आणि आत खुर्ची टाकून जे गृहस्थ मोबाइलमध्ये स्वतःचंच फाटक बघत बसलेले असतील, ते आप्पा. फाटक समोर चार हातांवर असतं. मान वर केली की दिसेल. पण डोळ्यांनी बघितलेल्याचं रेकॉर्डिंग होत नाही, असं आप्पांचं म्हणणं.

आप्पा कधी निवृत्त गुरुजी असतात, कधी निवृत्त ग्रामसेवक, कधी आडत पोरावर सोपवून घरी बसलेले. थोरला पुण्यात, धाकटा संभाजीनगरला, शेत बटईनं दिलेलं. घरात चोरानं यावं आणि समाधानानं परत जावं असं काही नसतं. दागिने लॉकरात, पैसा बँकेत, नव्या सायकली नातवांबरोबर पुण्यात. राहता राहिली पितळी घंगाळं, एक जुनं शिलाई मशीन आणि काकू. यांतलं काही उचलायला आलेला चोर रिकाम्या हातानं जाईल, पण बोलणी खाऊन जाईल, याची गल्लीला खात्री असते. आप्पांना नसते.

भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगितलं पाहिजे. दिवाळी झाली की तालुक्यातली गावंच्या गावं कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. मागं उरतात कुलपं, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये तालुक्यातल्याच मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर कितीतरी दिवस केजच्या रस्त्यांवरचं फुटेज राज्यभर टीव्हीवर दिसत राहिलं. त्या प्रकरणाशी विनोदाचा काही संबंध नाही. पण माणूस साक्ष द्यायला घाबरतो आणि कॅमेरा घाबरत नाही, एवढं त्या दिवसांत घरोघरी बोललं गेलं. आप्पांनी ते ऐकलं आणि दीड-दोन हजारांत मिळणारा, मान फिरवणारा, बिनतारी कॅमेरा मागवला.

बिनतारी म्हणजे चित्र बिनतारी जातं. विजेला तार लागतेच. ती तार बोर्डापर्यंत पुरत नाही, हे आप्पांना कॅमेरा भिंतीला ठोकून झाल्यावर कळतं. मग वायरमन येतो, त्याच्यासाठी चहा होतो, पट्टी ठोकली जाते, आणि 'स्वतःच बसवा' असं खोक्यावर लिहिलेला कॅमेरा चार माणसांत मिळून बसतो.

पुढचा अडथळा वायफायचा. राउटर दोन तऱ्हेच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. स्वस्तातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना फक्त पहिली कळते. दुसरी वेगवान खरी, पण भिंत आली की दम सोडते. आप्पांचा मोबाइल नेमका दुसरीवर असतो. मोबाइलवरचा चौकोनी कोड कॅमेऱ्यासमोर धरून आप्पा उभे, कॅमेरा परदेशी बाईच्या आवाजात इंग्रजीतून पुन्हा पुन्हा तीच विनंती करतोय, आणि आप्पा तिला 'हां, हां, दाखवलाय की' म्हणून मराठीतून समजावतायत, हा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालतो. शेवटी शेजारची नववीतली पोरगी येते, दोन बटणं दाबते, 'झालं आप्पा' म्हणते आणि शिकवणीला निघून जाते. तिचं नाव त्यानंतर घेतलं जात नाही. 'मी बसवला' एवढंच गल्लीत पसरतं.

घर जुनं माळवदाचं असेल तर गोष्ट आणखी वाढते. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतीनं मराठवाड्याचं ऊन पिढ्यान्‌पिढ्या बाहेर अडवलं, ती वायफाय आत येऊ देईल कशी? परसदारचं चित्र थांबून थांबून येतं. काकू मोरीकडं निघालेल्या दिसतात, मग काही वेळ दिसतच नाहीत, मग एकदम तुळशीपाशी उगवतात. आप्पा घाबरून हाक मारतात. काकू म्हणतात, "हितंच हाय की मी. जाते कुढं?"

पण एकदा चित्र सुरू झालं की आप्पांचं आयुष्य बदलतं. कॅमेऱ्याला हालचाल दिसली की मोबाइल वाजतो. अंगणात कडुनिंब, म्हणजे हालचाल कायमची. लग्नात अक्षता पडत असताना, दशक्रियेला, बँकेच्या रांगेत, आप्पांचा खिसा सतत गुणगुणत असतो. ते चष्मा लावतात, बघतात, 'काही न्हाई, मांजर' असं शेजारच्याला सांगतात. शेजारच्यानं विचारलेलं नसतं. यंत्राला माणूस ओळखता येतो, असं खोक्यावर छापलेलं असतं, आणि ते खोटं नाही. फक्त दोरीवर वाऱ्यानं फुगलेलं आप्पांचं धोतरही त्याला माणूसच वाटतं. वाळत घातलेल्या धोतराची अशी कितीतरी छायाचित्रं 'संशयित' म्हणून आप्पांनी जपून ठेवली आहेत.

रात्रीचं दृश्य काळंपांढरं, कारण अंधारात कॅमेरा अवरक्त प्रकाश टाकतो. भिंगासमोर जाळं विणून बसलेला कोळी त्या उजेडात पांढराफटक आणि परातीएवढा दिसतो. आप्पांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. त्यांनी काकूंना उठवलं. काकूंनी केरसुणी घेतली, स्टुलावर चढल्या आणि बाहेरची बाधा झाडून टाकली. त्या रात्रीच्या फुटेजमध्ये कोळ्यानंतर काकूंचा चेहरा येतो. तो भाग आप्पा कुणाला दाखवत नाहीत.

दूधवाल्याशी झालेलं भांडण मात्र सगळ्या गल्लीनं पाहिलं. आप्पांनी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "हे बग. साडेआठ. आन् तू म्हनतो सहाला आलतो?" दूधवाला शपथा घेत होता. दोघंही खरं बोलत होते. कॅमेऱ्याचं घड्याळ चीनच्या वेळेवर राहिलं होतं, आणि ती वेळ आपल्यापुढं अडीच तास. म्हणजे दूधवाला केजमध्ये सहाला आणि बीजिंगमध्ये साडेआठला येत होता. हे समजल्यावर आप्पांनी घड्याळ दुरुस्त केलं, पण दूधवाल्याची माफी मागितली नाही. वर 'येत जा येळंवर' असं सांगितलं.

आप्पांचा कॅमेरा कशासाठी सर्वांत कामाला येतो, हे मात्र खोक्यावर छापलेलं नसतं. नळासाठी. केजचं पाणी धनेगावच्या मांजरा धरणाचं. धरण तालुक्यातच, पण नळ कधी सुटेल ते नळालाच ठाऊक. याच मांजरानं तळ दाखवला तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्यामुळं इकडच्या माणसाला घागर भरलेली दिसल्याशिवाय झोप लागत नाही. आप्पांनी कॅमेऱ्याची मान नळाकडं वळवली आणि गल्लीत त्यांची किंमत वाढली. धार सुरू झाली की मोबाइल वाजतो, आप्पा 'आलं! आलं!' असं ओरडतात, आणि घराघरातून हंडे बाहेर पडतात. चोरांसाठी घेतलेल्या वस्तूचा एवढा चांगला उपयोग दुसरीकडं कुठं झाला असेल असं मला वाटत नाही.

नळ बंद असला की कॅमेऱ्याची मान शेजाऱ्यांच्या दाराकडं वळते. मुद्दाम नाही, असं आप्पा म्हणतात. समोरच्या वहिनी एक दिवस थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यातल्या माइकला सांगून गेल्या, "आप्पा, तुमचं फाटक बगा. आमचं आम्ही बगू." रेकॉर्डिंग आवाजासकट झालं. काकूंना ते फार आवडलं. त्यांनी ते नातीकडून स्वतःच्या मोबाइलवर घेतलं.

आप्पांना अभिमान वाटेल अशी एक माहिती मी एकदा त्यांना पुरवली. घराच्या दारावर कॅमेरा आणि आत पडदा, ही युक्ती न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेची. तिच्या वस्तीत पोलीस वेळेवर येत नसत. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळाही आडनिड्या. म्हणून दोघांनी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आत बसल्या बसल्या कडी उघडायची सोयही तिनं केली होती. आप्पा खूश झाले. काकू आतून म्हणाल्या, "बाईनं काढलं व्हय! तरीच कामाचं हाय. पन ती बसून बगत नसल दिवसभर."

आता कॅमेऱ्यात सापडलेल्या पहिल्या आरोपीविषयी. आप्पांनी मोठ्या हौसेनं खोलीतही एक कॅमेरा बसवला होता आणि थोरल्याच्या मोबाइलवरही ॲप घ्यायला लावलं होतं. 'तिकडं बसून घर बघ.' थोरल्यानं बघितलं. आप्पांना साखर आहे. काकू देवळात गेल्याचं निमित्त साधून आप्पा खोलीतल्या फडताळाशी गेले, डबा उघडला आणि पेढा तोंडात टाकला. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "आप्पा, साखर कितीवर गेली हाय तुमची? ठिवा तो डबा." आप्पांनी पेढा गिळला, डबा ठेवला आणि देवाच्या फोटोकडं बघून हात जोडले. आवाज पुण्याहून आलाय हे समजायला त्यांना बराच वेळ लागला. त्या दिवसापासून खोलीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल असतो. विचारलं तर 'धूळ बसती' म्हणतात.

तरी आप्पांची श्रद्धा ढळलेली नाही. तालुक्यातल्या प्रत्येक प्रश्नावर त्यांच्याकडं एकच तोडगा असतो. आमच्या विडा गावाचंच घ्या. तिथं धुळवडीला जावयाला चपलांची माळ घालून गाढवावरून मिरवतात आणि मग नवे कपडे देऊन त्याचा मान करतात. होळी जवळ आली की जावई गावातून गायब होतात आणि गावकरी त्यांच्या मागावर असतात. निवडलेला जावई निसटू नये म्हणून पाळत ठेवायला माणसं नेमतात. आप्पांचं मत असं की वेशीवर एक कॅमेरा बसवला की काम झालं. कुणीतरी विचारलं, "आन् जावयानं त्याच्यावर टॉवेल टाकला मंग?" आप्पांनी त्या माणसाशी दोन दिवस बोलणं टाकलं.

मग खरोखरची चोरी झाली. घरात नाही, शेतात. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. तांब्याला भाव आहे, पितळी घंगाळाला कोण विचारतो? घरचा कॅमेरा त्या रात्री डोळ्यात तेल घालून फाटक, कडुनिंब आणि धोतर बघत होता. पुढं वीज गेली, तेव्हा तोही बंद झाला. राउटर इन्व्हर्टरवर टाकायचं आप्पांच्या मनात होतं, पण आधी फ्रिज, मग पंखा, मग टीव्ही, असा नंबर लागत लागत राउटर राहूनच गेला. पोलीस ठाण्यात आप्पा मोबाइल घेऊन गेले आणि हवालदारांना नळाचं फुटेज दाखवून आले. हवालदार भला माणूस. त्यानं बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडं पानी दिवसाआड येतं का?"

आता शेतात सौर पट्टीचा, सिमकार्डावर चालणारा कॅमेरा लागलाय. वीज नको, वायफाय नको. चोर अजून आला नाही. रानडुकरं येतात, सहकुटुंब. आप्पा रात्री त्यांना कॅमेऱ्यातल्या स्पीकरवरून दम देतात, "ए, निघ!" सुरुवातीला डुकरं पळाली. आता नुसती मान वर करतात आणि परत हरभऱ्याला लागतात.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं. एक गोष्ट तेवढी नाही. आप्पांच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये असेच पासवर्ड न बदललेले लाखभर कॅमेरे आणि यंत्रं ताब्यात घेऊन कुणीतरी अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. त्या घुसखोर प्रोग्रामकडं साठेक नेहमीच्या पासवर्डांची यादी होती, तेवढी पुरली. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रं बाहेर विकली गेल्याचं २०२५ मध्ये उघड झालं, तिथंही घोटाळा साध्या पासवर्डाचाच निघाला. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारनं सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे. पण आप्पांचा कॅमेरा त्याआधीचा, आणि पासवर्ड तर कुठल्याही सरकारला येऊन बदलता येत नाही.

तेव्हा तुमच्या गल्लीतल्या आप्पांकडं आज संध्याकाळी चहाला जा. फाटकाचं, नळाचं, धोतराचं, जे दाखवतील ते फुटेज बघा, बघावंच लागेल. उठताना त्यांच्या हातातला मोबाइल घेऊन पासवर्ड तेवढा बदलून या. नवा पासवर्ड म्हणून त्यांचा फोन नंबर टाकू नका. तो गल्लीत सगळ्यांना पाठ आहे, नळ कधी येणार ते विचारायला.