पाइकची माशी बांधणारा

मराठी मुलखात रिकामा माणूस माश्या मारतो. इंग्लंड-आयर्लंडात तोच माणूस त्या बांधत बसतो, आणि त्याला रिकामा म्हटलेले त्याला खपत नाही. त्याचे लक्ष्य असते पाइक. हा लांबोडका, दातेरी मासा पाणवनस्पतीत ओंडक्यासारखा निपचित दबा धरतो आणि समोरून मासोळी गेली की झडप घालतो. इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टनने १६५३ सालीच त्याला गोड्या पाण्यातला जुलमी राजा ठरवले होते.

‘माशी’ म्हणजे गळावर बांधलेले खोटे आमिष, पण हा शब्द इथे केवळ उपचारापुरता. ट्राउटची माशी नखावर मावते. पाइकची माशी, म्हणजे स्ट्रीमर, वीतभर लांब असते आणि रोच किंवा पर्च माशाचे सोंग घेते. ती घडते जेवणाच्या टेबलावर. कडेला चिमुकला व्हाइस, म्हणजे शिकंजा, त्यात ४/० मापाचा गळ आणि भोवती रंगवलेल्या हरणाच्या शेपट्या, म्हणजे बकटेल. शेपटीच्या बुडाचे केस पोकळ असतात, दोरा आवळला की पंख्यासारखे फुलतात. टोकाकडचे मात्र गुमान बसतात. एका वेळी किती केस घ्यावेत? ‘चिमूटभर’ यावर एकमत आहे, कोणाची चिमूट यावर नाही. उरलेले केस घरभर जातात. बायकोच्या चहात पोपटी केस निघाला, तर तो बुडाचा की टोकाचा हे हा आधी पाहतो.

सशाच्या कातड्याची पट्टी पाण्यात जिवंत वळवळते, पण भिजली की ओल्या मोज्यासारखी जड होते आणि फेकताना कानशिलावर बसते. कृत्रिम धागे पाणी झटकतात, म्हणून शहाणे ते वापरतात. हा दोन्ही विकत घेतो. नव्या माशीची परीक्षा न्हाणीघरात होते. टब काठोकाठ भरून हा गुडघे टेकून ती दोऱ्याने ओढत राहतो. बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून घरची मंडळी ताटकळतात. नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही तो ‘डिसीव्हर’ नावाच्या माशीचा इतिहास ऐकवतो: लेफ्टी क्रे याने ती पाइकसाठी नव्हे, तर अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या स्ट्राइप्ड बास माशासाठी बांधली आणि १९९१ साली ती तिकडच्या टपाल तिकिटावरही झळकली.

इंग्लंडातल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून पाइकची मासेमारी बंद असते. याच्या बांधणीचा खरा हंगाम तोच.

मग बंदी उठते आणि काठावर माश्यांची पेटी उघडते. गढूळ पाण्याला नारिंगी किंवा काळी, नितळ पाण्याला पांढरी, असे शास्त्र आहे. वीस मिनिटे ते शास्त्र तपासून हा शेवटी तारेच्या दोरीला जुनी, कुरतडलेली, तांबडी-पांढरी माशीच अडकवतो. मासा धरला की काठी उचलायची नाही, डाव्या हाताने दोर खेचायचा, हे तो सर्वांना शिकवतो. प्रत्यक्ष पाइकने धरताच काठी उचलतो, आणि माशी माशाच्या तोंडातून सुटून झाडावर जाते.

एखादा पाइक तरीही लागतो. लांब चिमट्याने गळ काढून त्याला पाण्यात सोडले जाते. माशीचा एक डोळा गेलेला, अर्धे केस गेलेले. घरी ती बुचाच्या फळीवर मानाने टाचली जाते, आणि त्याच रात्री तिच्यासारख्या चार नव्या बांधून हा कात्रीने त्यांचा एकेक डोळा काढतो.