हाडाचे संशोधक

‘काल रात्री काय जेवलात?’ असं सरांना विचारलं, की ते स्वयंपाकघराकडे बघतात. काकू आतून सांगतात, ‘पडवळ.’ पण तीन हजार वर्षांपूर्वी कोण काय जेवलं, हे सरांना झोपेतून उठवून विचारा.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी इनामगाव खणलं. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांत पुरलेली मुलं निघाली, आणि घोट्यापासून पाय तोडलेली मोठी माणसं. सर त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. खरं तर शेजाऱ्यांबद्दल इतकं चांगलं बोलत नाहीत.

सरांचा जीव मात्र कोकणात. स्वतः अंडंही न खाणारा हा गृहस्थ प्राचीन किनाऱ्यावरचे लोक मासे किती खात, या विचाराने वाळत चालला आहे. हाडातल्या कोलॅजनमधला जड कार्बन मोजला की आहार कळतो. डेन्मार्कमध्ये हेन्रिक टाउबर यांनी १९८१ साली दाखवलं, की शेती येण्याआधीचे तिथले लोक समुद्रावर जगत, नंतरचे जमिनीवर. ‘त्यांचं बरं आहे हो,’ सर म्हणतात, ‘त्यांच्याकडे नाचणी नव्हती!’ कारण नाचणीची भाकरी आणि बांगडा, दोन्ही हाडात तोच जड कार्बन वाढवतात. मग निवाडा नायट्रोजनने करायचा. कोण कोणाला खातो त्या साखळीत वर चढावं, तसा जड नायट्रोजन वाढतो.

म्हणून सर गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जातात. नाकाला रुमाल लावून सुरमईसमोर उभे राहतात आणि विचारतात, ‘ही कोणाला खाते?’

‘घ्यायची का मामा? नाही तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय.’

एवढं करून पदरात काय? कोकणच्या आम्लधर्मी लाल मातीत हाडं विरघळून जातात, आणि उष्ण हवेत कोलॅजनही टिकत नाही. जिथे समुद्र तिथे हाडं नाहीत, जिथे हाडं तिथे समुद्र नाही. सरांच्या सगळ्या आयुष्याचं सार या एका वाक्यात आलं, पण ते त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. लगेच वही काढतात.

मेलेली माणसं मिळत नाहीत म्हटल्यावर सर जिवंतांकडे वळले. परवा एका लग्नात वराच्या काकांनी ‘आम्ही श्रावण कडक पाळतो’ असं सुनावलं. सर म्हणाले, ‘हाडात वर्षांची सरासरी उतरते. तुमचा एक महिना तिथे दिसायचा नाही.’ काका चिडले, म्हणाले, आमचं अख्खं घराणं शाकाहारी! सरांनी विचारलं, बालपण कुठे गेलं? रत्नागिरीला. ‘मग दाढ खरं बोलेल. ती लहानपणी घडते ती घडते. बरगडी हळूहळू नवी होत राहते. तुमची बरगडी पुण्याला आलीय, दाढ अजून रत्नागिरीत आहे.’ काकांनी जिलबी अर्धवट टाकली आणि पान खायच्या निमित्ताने उठले.

पुण्यातल्या पंगतीत शेजारचे गृहस्थ तुमच्या ताटाऐवजी तोंडाकडे बघताना दिसले, तर मठ्ठा प्या, हसू नका, आणि आजोळ कुठलं ते अजिबात सांगू नका.