सूर्य सर्वांचा, सावली शेजाऱ्याची

देशात पाटण किंवा पाटन नावाची गावे पुष्कळ आहेत. पण ऊर्जेच्या बाबतीत त्यांतल्या तिघांची पत्रिका पाहण्यासारखी आहे. गुजरातेतल्या पाटण जिल्ह्यात चारणका येथे एप्रिल 2012 मध्ये सोलर पार्कचे उद्घाटन झाले. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याला तर देवाने तिन्ही हातांनी दिले: कोयनेचे धरण, वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या आणि 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरलेली मान्याचीवाडी. तिसरे पाटन मध्य प्रदेशातले, जबलपूर जिल्ह्यातले. तहसील कचेरी, नगर परिषद, हिवाळ्यात हिरव्या मटाराची धांदल आणि सपाट गच्च्यांची घरे. कर्कवृत्त इथून उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटरवर. जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. म्हणजे सूर्याने आपल्याकडून काही बाकी ठेवलेले नाही. पुढचे काम माणसांचे आहे.

माणसांनीही सुरुवात झोकात केली. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना’ आणली. 75,021 कोटींची तरतूद, एक कोटी घरांचे लक्ष्य. एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर 78 हजार रुपये अनुदान. त्याच महिन्यात वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियमही बदलले: दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागणार नाही, तो मंजूरच समजायचा. मंजूर भार कमी पडत असेल तर तोही वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा.

हे वाचून समजा पाटनमधल्या एका मराठी गृहस्थांना हुरूप आला. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्या काळात त्यांचे आजोबा कारकुनीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. गृहस्थांनी अर्ज उघडला. पहिलीच अट सरळ होती: घर आणि गच्ची अर्जदाराची हवी, वीजजोडणी चालू हवी. घर होते, गच्ची होती, जोडणीही चालू होती. फक्त बिल आजोबांच्या नावाने येत होते. आजोबा कैलासवासी होऊन तीस वर्षे झाली, तरी वीजखात्याच्या लेखी ते अजून दरमहा वेळेवर बिल भरत होते आणि त्यांची थकबाकी शून्य होती. इतका चांगला ग्राहक खात्यातून काढायचा म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि इंदूरच्या आत्याची सही आलीच.

आत्याने सही दिली. नावही बदलले. पॅनेल बसवणारा मुलगा फूटपट्टी घेऊन गच्चीवर आला आणि हिशेब सांगून गेला: एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट, तिनाला तीनशे, रोजचे किलोवॉटमागे चारेक युनिट, पॅनेलची वॉरंटी पंचवीस वर्षे. जाता जाता त्याने एक अट घातली. जागा बिनसावलीची हवी.

इथे गृहस्थांनी दक्षिणेला पाहिले. दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी कठड्यावर विटा रचल्या होत्या आणि ते प्रेमाने म्हणाले, “भैयाजी, बस एक मंज़िल और।”

ही एक मंजिल म्हणजे काय, ते भूमिती सांगते. जूनमध्ये दुपारी तिची सावली जवळजवळ पडतच नाही. पण 22 डिसेंबरला या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून 43 अंशांच्या आसपासच चढतो. गच्चीच्या वर दहा फूट उठलेल्या भिंतीची सावली तेव्हा दुपारी दहा-साडेदहा फूट आत येते आणि सकाळी नऊला तिची तिरकी लांबी वीस फुटांच्या पुढे जाते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याचा तिसरा हिस्सा संपावर जाऊ शकतो. म्हणजे शेजाऱ्याच्या नव्या खोलीत पलंग मांडला जाईपर्यंत इकडचे अर्धे अनुदान अंधारात गेलेले असेल.

नियमांचा मात्र शेजाऱ्याला पूर्ण पाठिंबा आहे. मध्य प्रदेशचे भूमी विकास नियम 2012 सालचे. इमारतीची उंची किती, समोर-मागे-बाजूला जागा किती सोडायची, हे त्यात लिहिलेले आहे. 140 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचे पाणी साठवण्या-जिरवण्याची सोयही सक्तीची आहे. पाऊस वर्षातून चार महिने येतो, त्याला नियमात जागा मिळाली. ऊन बारा महिने येते, म्हणून बहुधा ते शेजारच्या मजल्यापासून जपण्याची कोणाला आठवण झाली नाही. शेजाऱ्याने रीतसर परवानगी काढून, अंतरे सोडून मजला चढवला, तर तुमच्या गच्चीवरचे ऊन गेले हा त्याचा गुन्हा नव्हे, तुमचे नशीब.

असे असले तरी भारतीय माणूस कायद्यावाचून राहत नाही. प्रकाशाच्या हक्काचा कायदा आपल्याकडे आहे आणि पाटनकरांनी अभिमानाने मिरवावा इतका जुना आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1 जुलै 1882 रोजी लागू झाला तो फक्त मद्रास, कुर्ग आणि मध्य प्रांतात. म्हणजे जबलपूर-नागपूरकरांना हा कायदा आधी मिळाला. मुंबई-पुणेकरांना त्यासाठी 1891 उजाडावे लागले.

या कायद्याचे कलम 15 सांगते की एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंड, शांतपणे आणि सुविधाधिकार म्हणून प्रकाश मिळत असेल तर तो हक्क पक्का होतो. गृहस्थांनी बोटे मोजली. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे, हक्क मिळायला वीस. पाच वर्षे तर हक्काची मिळतील! पण ही वीस वर्षे शेजाऱ्याने विटा रचू नयेत, अशी पूर्वअट आहे. आणि शेजारची जागा सरकारी असेल तर मुदत तीस वर्षांची. त्या परिस्थितीत आधी पॅनेल भंगारात जाईल, मग पाच वर्षांनी त्याच्यावर पडणारे ऊन कायदेशीर होईल.

शिवाय कलम 28 मध्ये या प्रकाशाचे माप दिले आहे: खिडकी, दरवाजा किंवा अन्य उघड्या जागेतून आत येत आला असेल तेवढा. 1882 साली माणसाला उजेड वाचायला, जेवायला आणि धान्य निवडायला लागत असे, त्यामुळे कायदा खिडकी ओळखतो, दार ओळखतो. पॅनेल यांपैकी काहीच नाही. ते उघडत नाही, बंद होत नाही आणि त्यातून उजेड आतही येत नाही, वीज येते. पॅनेलवरच्या उन्हाचा हक्क सांगणारा वेगळा कायदा देशात नाही. गृहस्थांच्या मुलाने सुचवले की पॅनेलला चौकट करून कडीकोयंडा लावावा. सूचना विचाराधीन आहे.

जगाने या सावलीशी आपापल्या परीने भांडण केले आहे. जपानने 1976 मध्ये बांधकाम कायदा बदलला: उंच इमारतीची सावली हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी शेजारच्या जागेवर किती तास पडेल, यावर मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने 1978 मध्ये झाडांच्या सावलीपासून पॅनेलला संरक्षण दिले. पुढे सनीव्हेल नावाच्या गावात एका घरची रेडवुडची झाडे शेजाऱ्याच्या पॅनेलवर सावली पाडतात म्हणून खटला उभा राहिला. झाडे पॅनेलच्या आधीची होती. शेवटी 2008 मध्ये कायदा सुधारून आधीच्या झाडांना अभय द्यावे लागले. कायदा चुकला, पण निदान सावली हा सरकारी विषय आहे हे तिथे मान्य झाले. आपल्याकडे तार पेलेल का, भार किती, हे प्रश्न सरकारने विचारले आणि दहा किलोवॉटपर्यंत मोठ्या मनाने माफही केले. ऊन पोचेल का, हा प्रश्न मात्र विचारलाच नाही, त्यामुळे तो माफ करण्याचीही गरज पडली नाही.

गंमत अशी की चारणक्याच्या पार्कला दक्षिणेचा शेजारी नाही. सावलीचा कर भरतो तो तीन किलोवॉटवालाच, आणि योजना तर त्याच्याच नावाने काढलेली आहे.

नगर परिषदेला एवढेच मागणे आहे. दक्षिणेकडून मजला चढवण्याचा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा त्यावर 22 डिसेंबरच्या दुपारची सावली काढून मागावी. एक रेघ आहे, तिला निधी लागत नाही. आणि तोवर पॅनेलचा विचार करणाऱ्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नऊ, दुपारी सव्वाबारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन खडूने सावलीची कड आखून ठेवावी. दक्षिणेचा शेजारी तयार असेल तर त्याच्याशी मोबदला ठरवून सुविधाधिकाराचा लेखी करार करावा आणि उपनिबंधकाकडे नोंदवून घ्यावा. 1882 च्या कायद्यात तेवढी सोय आजही आहे, आणि त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागत नाही.