यंत्रालाही टीपी लागू करा

गडचिरोलीच्या जंगलातून बांबू बाहेर काढायचा तर टीपी लागते, म्हणजे वाहतूक परवाना. माल किती, गाडी कोणती, कुठून कुठे, सगळं त्यावर. कागद नसेल तर नाक्यावर गाडी बाजूला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला विचारा. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, टीपी नाही! बांबू झाड की गौण वनोपज, यावर खल चालला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह गावात आले, तेव्हा टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. एका पुस्तकासाठी एवढा लवाजमा!

आता एआय एजंटचा, म्हणजे माणसाच्या वतीने संगणकावर परस्पर हुकूम सोडणाऱ्या प्रोग्रामचा थाट पाहा. नेटवर्कची वाहतूक वळवणाऱ्या राउटरवर अधिकाराच्या पायऱ्या असतात. सिस्कोच्या राउटरवर पहिल्या पायरीवरून जेमतेम पाहता येतं, पंधराव्या पायरीवरून सगळं पुसता येतं. एजंटला कुठली दिली जाते? बरेचदा थेट पंधरावी. का, तर "दरवेळी परवानगी कोण देत बसणार?" हा प्रश्न आमच्या बांबूवाल्याने नाक्यावर विचारून पाहावा.

'राइट इरेज' हा हुकूम दिला की राउटरची साठवलेली मांडणी साफ. पाठोपाठ 'रीलोड' दिलं की राउटर सगळं विसरून उठतो. मध्ये तो विचारतो, 'नक्की ना?' पण विचारतो कुणाला? हुकूम सोडणाऱ्यालाच! माणसाचं बोट निदान क्षणभर थबकतं, एजंट स्वतःच 'हो' म्हणून मोकळा. अर्जदार तोच, रेंजर तोच, नाकेदारही तोच. इतकी सोय सागवान चोरांच्याही नशिबी नव्हती.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या प्रोग्रामिंग सेवेच्या एजंटने असंच काहीसं केलं. 'काहीही बदलू नकोस' अशी तंबी असताना एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसला. वर, तो परत आणता येणार नाही, असंही ठोकून दिलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला.

माणसं फार शहाणी असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नेहमीच्या देखभालीत एक हुकूम चुकला आणि फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास आडवे झाले. असे हुकूम अडवायला तपासणीचं साधन होतं, पण त्यातच दोष निघाला. नाका होता, नाकेदार झोपला होता.

म्हणून आमची नम्र सूचना: पाहायची मुभा एजंटला खुशाल द्या, पुसण्यासाठी मात्र टीपी. काय पुसणार, का पुसणार, परत कसं आणणार, हे लिहून द्यावं. टीपी त्या कामापुरतीच, मुदत संपली की रद्द. आणि सही दुसऱ्याची. तीही डोळे मिटून ठोकलेली नको. एजंट दिवसात शंभरदा विचारू लागला की माणूस न वाचताच 'हो' दाबतो. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी चर्चा पुन्हा सुरू. तेवढं जमत नसेल, तर निदान दोघांनी वाचावं.

तेही जड वाटत असेल तर सगळा कारभार सरळ वनखात्याकडे सोपवा. एजंटने रात्री दोनला अर्ज टाकावा आणि पलीकडून उत्तर यावं, "साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या." आमची कामं वर्षानुवर्षं अडवणाऱ्या या वाक्याच्या हातून एखादा डेटाबेस वाचला, तर तेवढंच पुण्य.