दाजींचे चाळीस मिलीसेकंद

बेंगळूरचा सगळा कारभार 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' या तीन शब्दांवर चालतो. शेअर रिक्षात चौथा गडी कोंबायचा असो की मीटिंगला पाऊण तास उशीर होवो, स्वल्प अ‍ॅडजस्ट. या गावात वीस वर्षं काढूनही ज्याच्या अंगी हे मुरलं नाही असा एकच माणूस मला ठाऊक आहे : आमचे दाजी. मूळ निपाणी, मुक्काम मराठहळ्ळी. सिल्क बोर्डाच्या चौकातल्या कोंडीत दीड तास निमूट बसतील. पण पडद्यावरचे ओठ आणि आवाज यांत चाळीस मिलीसेकंदांचं अंतर पडलं, की घरात सुतक.

दाजींचा छंद म्हणजे सिनेमाच्या फाइलीला ५.१ चा साउंड ट्रॅक जोडणं. पाच स्पीकर आणि एक सबवूफर. (त्या 'पॉइंट वन'ला कमी लेखू नये, तावदानं तोच हलवतो.) रिसीव्हर एस. पी. रोडवर घासाघीस करून आणलेला. दोन बेडरूमच्या फ्लॅटात पाच कोपरे मिळणं कठीण, म्हणून मागचा उजवा स्पीकर स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर बसतो. ताई त्याला नैवेद्य तेवढा दाखवत नाही.

"ही एमकेव्ही फाइल म्हणजे जेवणाचा डबा बघ," दाजी मला समजावतात. "एका पुडात चित्र, एका पुडात हिंदी आवाज, एकात सबटायटल. आपण फक्त आणखी एक पूड चढवायचं. भाजी परत शिजवायची नाही!" भाजी परत शिजवणारे, म्हणजे चित्र पुन्हा एन्कोड करणारे, त्यांच्या लेखी अडाणी. आणि मूळ मोनो आवाज पाच स्पीकरांत वाटून त्याला ५.१ म्हणवणारे? त्यांच्याकडे दाजी पाणीसुद्धा पीत नाहीत.

खरी गोम वेगातच असते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ नी पळतो. तिथला आवाज उचलून २४ च्या चित्राला जोडला, तर तीन तासांच्या सिनेमात सात मिनिटांचा घोळ होतो. आवाज घरी पोचून हातपाय धुतो, 'शोले'तला ठाकूर अजून टेकडीवरच. म्हणून आधी आवाज ताणायचा, मग सुरुवातीचा उरलासुरला फरक मिलीसेकंदांत काढायचा. त्यातही आवाज उशिरा आला तर माणूस बराच सोसतो, आधी आला तर लगेच खटकतं. विजेमागून गडगडाट ऐकायची कानाला जन्माची सवय. टीव्हीवाल्यांच्या जागतिक शिफारशीत हे आकडेही आहेत : आवाज पुढे गेल्यास सुमारे ४५ मिलीसेकंदांत कळतं, मागे पडल्यास १२५ लागतात. दाजींना दोन्हीकडून चाळीसलाच कळतं. हा गुण की आजार, हे ताईला विचारावं.

दाजींचं दैवत 'शोले'. १९७५ साली सत्तर एमएमवर सहा ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक आवाजासकट आलेला. त्यातलं नाणं उडालं की थिएटरात लोक आपल्याच खुर्चीखाली वाकून बघायचे, असं जुने लोक सांगतात. रामगड म्हणून दिसतं ते रामनगर म्हैसूर रस्त्यावर, इथून जवळच. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाजी तिथल्या खडकांपाशी नेऊन टाळ्या वाजवायला लावतात. "घुमलं का? मागनं आलं का?"

गेल्या दिवाळीत आमची आई निपाणीहून आली होती. तीन रात्री जागून दाजींनी 'शोले'ला नवा ट्रॅक बसवला : ४४८ केबीपीएस, शेवटपर्यंत ओठाला ओठ. आम्हाला रांगेत बसवलं, दिवे मालवले. जयनं नाणं उडवलं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून, अगदी मागून उजवीकडून, खण्ण असा आवाज आला. आई दचकून उठली.

"काय तरी पडलंय बघा गॅसपाशी."

दाजींनी माझा हात घट्ट दाबला. डोळ्यांत पाणी. पन्नास वर्षांपूर्वीचं थिएटर मराठहळ्ळीच्या तिसऱ्या मजल्यावर अवतरलं होतं.

आई परत आली ती हातात उलथनं घेऊन. "हे पडलं होतं. आणि जावईबापू, तुमच्या त्या खोक्याची वायर दुपारी तांदूळ काढताना निघाली बगा. मी नीट गुंडाळून ठेवलीया."