नापासांचा नागरी सत्कार

इंजिनिअरिंगला तीनदा वायडी बसलेल्या आमच्या शेजारच्या बंड्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. 2024 च्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिना 6,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. म्हणजे नापास होऊन पठ्ठ्याने सरकारचे दरमहा 4,000 रुपये वाचवले! सगळेच असे देशप्रेमी निघाले, तर राज्याची तूट भरून निघेल. प्रशिक्षण तेव्हा सहा महिन्यांचे होते; पुढे काय, हे विचारणे असभ्यपणाचे.

त्याच वर्षी पोलीस भरतीच्या 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले. बंड्याही पहाटे मैदानावर पोहोचला. रांगेत पुढे त्याचेच तासिका तत्त्वावरचे गणिताचे सर. अर्जात दोघांची पात्रता एकच: बारावी पास.